एका नावाच्या दोन ट्यूब

ते नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या आईच्या पिढीत घरोघरी सापडायचं असं साधं नाव. आडनावही असं की ते किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात असतं आणि घाटावरच्या गावांतही असतं. महिन्यातून दोन-तीनदा ते माझ्या टेबलावर येतंच. ट्यूबवर ते दिसलं की माझा हात थांबतो. शेजारी बसणारी सहकारी पूर्वी विचारायची, "काय गं, काय झालं?" आता विचारत नाही. माझ्यासमोरची ट्यूब उचलते आणि स्वतः मशीनला लावते.

मी बोईसरला एका लहानशा लॅबमध्ये रक्त काढायचं आणि तपासायचं काम करते. घर चिंचणीला. सकाळी पहिल्या शेअर रिक्षानं निघते, कारण उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं लवकर येतात. कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारे तर दार उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले असतात. "मॅडम, जल्दी कर दो, गेट बंद हो जायेगा," म्हणत बाही वर करूनच आत येतात.

ज्या सकाळबद्दल लिहितेय ती दिवाळीच्या आधीची होती. बाकावर दोन बायका शेजारी शेजारी बसल्या होत्या. एक नवापूरची. जन्मभर मासळी विकलेली, पन्नाशी ओलांडलेली. पायांना सूज, सांधे दुखतात, अन्नावर वासना नाही, चार पावलं चाललं की धाप लागते, अशी तक्रार. सोबत सून होती. दुसरी बाई वीज प्रकल्पाच्या वसाहतीतली, मूळची साताऱ्याकडची. रक्तदाबाची गोळी चालू होती म्हणून वर्षाची नेहमीची तपासणी करायला आली होती. दोघींच्या चिठ्ठीवर त्याच दोन तपासण्या होत्या: सीबीसी आणि क्रिएटिनिन. मी नाव पुकारलं तेव्हा दोघी एकदम उठल्या आणि हसल्या. वसाहतीतल्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमचंही हेच नाव? या, आधी तुम्ही जा. तुम्हाला उभं राहवत नाहीये."

नवापूरची मावशी खुर्चीत बसली. "बाय, हलूच हां. माजी शीर सापडत नाय." खरंच सापडत नव्हती. कोपरापाशी दोनदा चाचपून शेवटी हाताच्या मागच्या बाजूला मिळाली. मनगटाला माशाचं एक खवलं चिकटलेलं होतं, नखाएवढं, चकाकणारं. मी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं तरी ते निघालं नाही.

प्रत्येकीचं रक्त मी दोन ट्यूबमध्ये घेतलं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं औषध असतं. त्यातून पेशी मोजतात: लाल किती, पांढऱ्या किती, हिमोग्लोबिन किती. लाल टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त मुद्दाम गोठू देतात. मग ती गरगर फिरवली की गोठलेलं खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी राहतं. त्याला सिरम म्हणतात. मूत्रपिंडं काम करताहेत की नाही, हे त्या पाण्यातून कळतं. आपल्या स्नायूंतून क्रिएटिनिन नावाचा कचरा रोज रक्तात येत असतो आणि मूत्रपिंडं तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. गाळणी बिघडली की कचरा रक्तातच साठतो आणि आकडा चढतो. बायकांचा साधारण एकच्या आसपास असतो.

जांभळ्या ट्यूबवर मी लगेच स्टिकर लावले. लाल ट्यूब गोठायला स्टँडमध्ये उभ्या केल्या. त्यांचे स्टिकर नंतर लावू, असं म्हटलं. असं करायचं नसतं. स्टिकर माणूस समोर असतानाच लावायचा, हा आमच्या कामातला पहिला धडा. पण गर्दी असली की सगळेच असं करतात आणि मीही करत होते.

तेवढ्यात आईचा फोन आला. "गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंस? माणूस सिलिंडर घेऊन दारात उभा आहे."

"कपाटात बघ, वरच्या खणात," मी म्हणाले. फोन खांद्यात आणि कानात धरून दोन्ही हातांनी मी स्टिकर लावले. दोन्हींवर नाव तेच, आडनाव तेच, वयात दोन वर्षांचा फरक. खाली बारीक अक्षरात नंबर. तो नंबर मी वाचला की नाही? ते मिनिट मी इतक्यांदा आठवून पाहिलंय की आता त्यातलं खरं कुठलं आणि मी भरलेलं कुठलं, हे मलाच कळत नाही.

दुपारी रिपोर्ट सहीसाठी मॅडमच्या टेबलावर गेले. मॅडम म्हणजे लॅबच्या डॉक्टर. त्यांनी मला हाक मारली. "वसाहतीतल्या बाईचं क्रिएटिनिन पाच पॉइंट सहा आलंय. ही तर चालत आली होती ना? पुन्हा लाव."

मी तीच ट्यूब पुन्हा लावली. पाच पॉइंट सहाच आलं. मॅडमनी त्या बाईंच्या डॉक्टरांना फोन केला. नवापूरच्या मावशीचा आकडा शून्य पॉइंट नऊ. अगदी चांगला. संध्याकाळी सून येऊन रिपोर्ट घेऊन गेली. "किडनी बरी हाय ना?" तिनं काउंटरवर विचारलं. मी कागद पाहून म्हणाले, "हो, चांगली आहे." सांगायचं नसतं, ते डॉक्टरांचं काम. पण चांगली बातमी असली की तोंडातून निघून जाते.

त्या दोन कागदांवरच सगळं लिहिलेलं होतं. मावशीचं हिमोग्लोबिन सात पॉइंट नऊ होतं आणि क्रिएटिनिन उत्तम. वसाहतीतल्या बाईंचं क्रिएटिनिन पाचच्या वर आणि हिमोग्लोबिन पावणेतेरा. रक्त तयार करायची सूचना हाडांना मूत्रपिंडंच देत असतात. ती इतकी निकामी झाली की बहुतेक वेळा हिमोग्लोबिनही खाली येतं. कागद शेजारी शेजारी ठेवले असते तर शिकाऊ पोरीलाही विचित्र वाटलं असतं. ते मी ठेवले नाहीत, आणि मॅडमनीही ठेवले नाहीत.

तीन आठवडे गेले. एका सकाळी वसाहतीतल्या बाई नवऱ्याबरोबर आल्या. नवऱ्यानं काउंटरवर दोन कागद आपटले. मुंबईतल्या दोन वेगवेगळ्या ठिकाणांचे. दोन्हीकडे क्रिएटिनिन शून्य पॉइंट आठ.

"तीन आठवडे ही बाई बिनमिठाचं जेवतीय," तो ओरडला. "रात्र रात्र झोप नाही. मुलीचं लग्न पुढं ढकललं आम्ही! तुम्हाला काही वाटतं का?"

मॅडम बाहेर आल्या. माफी मागू लागल्या. मी मान खाली घालून उभी होते. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "पण मग तो आकडा कुणाचा?"

मी रजिस्टर उघडलं. त्या दिवसाचं पान. त्यांच्या ओळीच्या अगदी वर तेच नाव आणि तेच आडनाव होतं. त्यापुढे नवापूर. क्रिएटिनिन शून्य पॉइंट नऊ.

बाईंनी वाकून ती ओळ वाचली. "उभं राहवत नव्हतं म्हणून मी ज्यांना आधी जाऊ दिलं, त्या," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला आपण. यांना नवापूरला जायचं असेल."

रजिस्टरमधला फोन मावशीच्या पुतण्याचा होता. तो बोटीवर गेलेला, फोन लागेना. मॅडमनी मला किट दिलं आणि म्हणाल्या, "तू जा. आत्ताच. रक्त घेऊन ये, मी थांबते."

नवापूरला उतरून मी नाव विचारत फिरले. पहिल्या घरात जी बाई बाहेर आली तिचं नाव तेच, पण ती ही नव्हे. दुसऱ्या घरी तर त्या नावाची म्हातारी दोन वर्षांपूर्वी वारलेली निघाली. तिची मुलगी संशयानं माझ्याकडे बघत राहिली. "तिचा कसला रगत?" तिनं विचारलं. उन्हात परातींवर, दोऱ्यांवर मासळी सुकत होती आणि मी मेलेल्या बाईच्या दारात ट्यूब घेऊन उभी होते. उगाच मनात आलं, उशीर झालाय.

तिसरं घर तिचं. ती ओट्यावर चटईवर पडली होती. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. मला ओळखून उठायला गेली, पण जमलं नाही. सून आतून पाणी आणि गोळी घेऊन आली.

"कसली गोळी ही?" मी विचारलं.

"दुखन्याची. दिवसातून दोन देते. किडनीचा रिपोर्ट बरा आला ना, तं डॉक्टर बोलला रगत कमी हाय न सांध्याचा दुखना हाय."

मी पाकीट हातात घेतलं. वेदनेवरची साधी गोळी, दुकानात मिळते ती. चांगल्या मूत्रपिंडांना चालते. अधू झालेल्या मूत्रपिंडांवर ती घाला घालते, हे आम्ही शिकलेलो असतो. एकवीस दिवस, दिवसातून दोन. माझ्या स्टिकरच्या भरवशावर.

"ही आता देऊ नका," मी म्हणाले. "मावशी, रक्त पुन्हा घ्यायचंय."

"कां? पयला खराब झाला?"

"हो," मी म्हणाले. "पहिलं सॅम्पल खराब झालं."

सॅम्पल खराब होतात, हे खरं आहे. सुई नीट बसली नाही की पेशी फुटतात आणि सिरम लाल होतं. तसं झालं असं तिला वाटू दिलं.

लॅबमध्ये परतल्यावर मॅडमनी स्वतः सॅम्पल मशीनला लावलं. क्रिएटिनिन सात पॉइंट चार. पोटॅशियम सहा पॉइंट चार. पोटॅशियमचा आकडा पाहून मॅडम खुर्चीतून उठल्या. रक्तात पोटॅशियम एवढं चढलं की हृदयाचे ठोके कुठल्याही क्षणी अडखळू शकतात. त्यांनी तिथल्या तिथे फोन केले. सूर्य मावळायच्या आत मावशी पालघरला पोचली आणि तिचं पहिलं डायलिसिस झालं.

ती वाचली, आणि मग जे झालं त्यानं मला जास्त छळलं.

मॅडमनी डॉक्टरांना अदलाबदल झाल्याचं सांगितलं, दुरुस्त रिपोर्ट पाठवला. घरच्यांना कुणीतरी सांगितलं, पहिला रिपोर्ट चुकला होता. सुनेनं त्याचा अर्थ लावला, मशीन चुकली. आणि लॅबमधली पोरगी मात्र शोधत शोधत घरी आली, तिच्यामुळे जीव वाचला. आळीभर हीच गोष्ट झाली. महिन्याभरानं सून माझ्यासाठी सुके बोंबील घेऊन आली, वर्तमानपत्रात बांधलेले. "सासूनं दिलेत. निवडून निवडून." आईनं ते तळले. मी पोट बिघडलंय म्हणून ताटावरून उठले.

मूत्रपिंडांच्या डॉक्टरांना मी एकदा पालघरला जाऊन विचारलं. त्यांनी सोनोग्राफी दाखवली. "बघा, दोन्ही किडन्या आकसलेल्या आहेत. हे काही वर्षांचं आहे. आज ना उद्या डायलिसिस लागलंच असतं."

"पण त्या गोळ्यांनी किती फरक पडला?"

त्यांनी सोनोग्राफी पाकिटात परत घातली. "पडला असेल. किती ते कुणालाच सांगता येणार नाही."

कितीही असता तरी मी तो आकडा घेऊन बसले असते. पण तो मिळणारच नव्हता.

दर महिन्याला मावशी हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम तपासायला आमच्याकडेच यायची. लांब पडलं तरी यायची. चौथ्या महिन्यात बाकावर बसून शेजारच्या बाईला सांगत होती, "हीच ती बाय. हिच्यामुलं मी बसलीय इथं. नायतर कवाच गेली असती."

मी तिला आतल्या खोलीत नेलं. सुनेला बाहेर बसवलं. हातात ट्यूब होती ती खाली ठेवली आणि सांगितलं. दोघींचं एक नाव, फोन, गॅसचं पुस्तक, स्टिकर, सगळं. "मावशी, मशीन चुकली नव्हती. मी चुकले. मला माफ करा."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं.

"ती दुसरी बाय बरी हाय?"

"हो. तिला काहीच नव्हतं."

"मंग माजा दुखना तिनं काढला. तीन आठवडे." असं म्हणून ती उठली. भिंतीला धरून बाहेर गेली. रक्त न देताच सुनेबरोबर निघून गेली.

पुढच्या महिन्यात ती येणार नाही असं मी धरून चालले होते. तिची तारीख होती त्या दिवशी सकाळपासून दार वाजलं की मी हातातलं काम सोडून वर बघायची. ती आली. खुर्चीत बसली. मी हात पुढे केला, पण तिनं आपला हात मांडीवरच ठेवला.

"नाव लिव आधी."

मी स्टिकर लावला.

"दाव."

तिनं ट्यूब हातात घेतली. तिला वाचता येत नव्हतं. तरी डोळ्यांजवळ नेऊन फिरवून पाहिली आणि मला परत दिली. "वाच."

मी नाव वाचलं. आडनाव वाचलं. गाव वाचलं. नंबर वाचला. मग तिनं हात पुढे केला.

त्यानंतर दर महिन्याला असंच झालं, जवळजवळ वर्षभर. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. बोंबील मात्र पुन्हा आले नाहीत, आणि माफ केलं असंही ती कधी म्हणाली नाही. बाकीचं बोलायची: नातवाची शाळा, बोटींना मासळी नसणं, डायलिसिसच्या सुईसाठी शिरा जोडून फिस्टुला केलेला हात उशाला घेता येत नाही ते. पण सुईच्या आधी "दाव" आणि "वाच" व्हायचंच. मला वाटायचं, ही शिक्षा आहे. कधी वाटायचं, ती बिचारी फक्त घाबरलीय. विचारायचं धाडस झालं नाही.

ती थंडीत गेली. एक दिवस तिची तारीख उलटली. दोन दिवस मी वाट पाहिली आणि मग सुनेला फोन केला. डायलिसिसला पालघरला जाताना वाटेतच छातीत धडधडलं आणि गाडीतच संपलं, असं ती म्हणाली. शांतपणे म्हणाली. मी बारावं कधी आहे ते विचारलं, आणि त्या दिवशी गेले नाही. चिंचणीहून निघाले, नवापूरच्या फाट्यावर उतरले, आणि रिक्षात बसून परत आले.

त्यानंतर कित्येक दिवस खुर्चीत कुणीही बसलं तरी मला तोच आवाज ऐकू यायचा. "वाच." मी मोठ्यानं वाचायची. कारखान्यातली पोरं हसायची, "मॅडम, हमें अपना नाम मालूम है." तरी वाचायची. आताही वाचते. ट्यूब गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज थांबलं, झाकण उघडलं आणि सिरमच्या ट्यूब एका रांगेत उभ्या दिसल्या की वाटतं, यातली एखादी दुसऱ्या कुणाची तरी आहे आणि तो माणूस आत्ता घरी चटईवर पडून गोळी घेतोय.

मागच्या उन्हाळ्यात सून लॅबमध्ये आली. एकटीच.

"माजी किडनी तपासायची हाय," ती म्हणाली.

"काही त्रास होतोय?"

"नाय. सासूची सगळी दुखनी बघितली. भ्या वाटते."

मी स्टिकर लावला, नाव वाचलं. तिचं नाव वेगळं होतं. रक्त काढताना ती भिंतीकडे बघत होती. बोळा दाबून धरत ती म्हणाली, "सासूनं मना सांगितलेला. तुमी तिला बोललेलात ते."

"कधी?"

"त्याच दिवशी, रिक्षात. बोलली, कुनाला सांगू नको, तिची नोकरी जाईल. माज्या नवऱ्याला पन अजून ठाव नाय."

मी तिच्या हातावर पट्टी चिकटवली.

ती थांबली. रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसून राहिली, पदराच्या टोकाशी चाळा करत. शून्य पॉइंट आठ. मॅडमनी सही केली. मीच कागद बाहेर नेऊन दिला. तिनं तो वाचला, ती चौथीपर्यंत शिकलेली होती. मग पिशवीतून दुसरा कागद काढला. पालघरच्या एका लॅबचा, दोन दिवसांपूर्वीचा. तिचंच नाव, शून्य पॉइंट सात.

"दोनी जुळवून बगायचे होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "येवडा फरक चालतो?"

"चालतो," मी म्हणाले. "दोन मशीनमध्ये एवढं पुढेमागे होतं."

तिनं दोन्ही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, चार घड्या घातल्या आणि ब्लाउजमध्ये ठेवले. दाराशी जाऊन वळली. "मुलाला पन आनीन, शाळा सुटली की," म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. आत एक माणूस बाही वर करून खुर्चीत बसला होता. मी हातमोजे बदलले.